प्रुडन्स वाटाण्यात बसली

माझी धाकटी बहीण एनिड हिचं लग्न झालं ते एकोणीसशे एक्कावन्न साल. लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी मटण रेशनवरच होतं, आणि त्या साली तर आठवड्याचा वाटा एवढा घटला की आई म्हणायची, "खाटीक आता मटण देत नाही, नुसता वास देतो." पण आम्हा ड्रिंगांच्या घरी मटणाची चणचण कधी पडली नाही. सशाला आणि पारव्याला रेशनकार्ड लागत नाही.

माझे बाबा, इनॉक ड्रिंग, पॉकलिंग्टन मालकांच्या शेतावर कामाला होते. इंग्लंडच्या पूर्वेकडची, लिंकनशरची आमची ती जमीन काळी, सपाट, मधून मधून पाण्याचे चर काढलेली. तिथं काहीही पेरा, उगवतं. आणि जे उगवतं ते खायला आभाळातून पारवे येतात आणि बिळातून ससे. त्यांना मारून पीक राखणं हे बाबांचं काम. बंदूक त्यांची, काडतुसं मालकांची. मारलेलं जनावर आमचं.

ससे माझ्याकडे असत. माझा नवरा लढाईवरून परत आला नाही, त्याची दुनळी बंदूक तेवढी राहिली, ती मी चालवायला लागले. संध्याकाळी वारा तोंडावर घेऊन बार्लीच्या कडेनं हळूहळू चालायचं. ससा बिळापासून फार लांब खायला जात नाही, म्हणून शेताच्या कडेला टक्कल पडतं. टक्कल केवढं ते पाहिलं की बिळात किती गर्दी आहे ते कळतं. ससा पडला की तिथंच त्याचं पोट साफ करायचं, एका मागच्या पायाच्या शिरेतून दुसरा पाय ओवायचा आणि काठीवर अडकवून पुढं चालू लागायचं.

पारवे बाबांचे. त्याला चालून भागत नाही, बसावं लागतं. कुंपणाच्या आडोशाला फांद्यांचं लपण करायचं आणि समोर पिकात लाकडाचे पारवे मांडायचे. बाबा ते हिवाळ्यात शेकोटीपाशी बसून कोरत आणि रंगवत. अंग राखाडी, मानेला पांढरा डाग, पंखावर पांढरा पट्टा. सगळ्यांच्या चोची वाऱ्याकडे करून मांडायचे आणि मधे अंगणाएवढी जागा मोकळी सोडायची. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, खाली पंगत बसली आहे आणि आपल्यासाठी जागाही राखून ठेवली आहे. ते त्या अंगणात उतरायला लागले की मारायचं.

तिसरी बंदूक ओबेड मामाची. आईचा भाऊ. मामा ऐकायला कमी आणि बघायला त्याहून कमी, पण कोणी ते सांगितलेलं त्याला खपायचं नाही. काडतूस वाया जाऊ नये म्हणून तो बसलेलाच पारवा मारी, आणि बसलेल्या पारव्यांत लाकडाचे जास्त असत. दर हंगामात एखादा तरी त्याच्या हातून जायचा.

"मेव्हणे," बाबा म्हणायचे, "हा तुम्ही मारलेला घरी न्या. शिजवून घाला बायकोला."

"वाळलेला दिसतोय, दाजी," मामा म्हणायचा. "म्हातारा असेल."

आता व्याह्यांची गोष्ट. एनिडनं ज्याच्याशी जमवलं तो डेरिक टनर्ड स्पाल्डिंग गावचा. मुलगा सरळ, इतका सरळ की आईनं चहा विचारला तरी आधी एनिडकडे बघायचा. त्याचे वडील क्लेमंट टनर्ड रेल्वेत सिग्नल सांभाळायचे आणि उरलेला सगळा वेळ कबूतरं सांभाळायचे. शर्यतीची कबूतरं. पेटाऱ्यात घालून आगगाडीनं लांब उत्तरेला पाठवायची, तिथं सोडायची आणि कोणाचं आधी घरी येतं ते बघायचं. अंगणातला त्यांचा कबूतरखाना त्यांच्या घरापेक्षा स्वच्छ होता, हे त्यांची बायकोच सांगायची.

सोयरीक ठरवायला ते वसंतात आमच्याकडे आले. चहा झाला, मनुकांचा पाव झाला. मग बाबांनी हौसेनं त्यांना मागचं छप्पर दाखवायला नेलं. तिथं फळीवर रांगेनं लाकडी पारवे बसले होते. टनर्डनी एक उचलला, उलटा करून पाहिला, परत ठेवला.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "मागच्या जूनमध्ये माझी एक निळी मादी या बाजूला आली आणि परत गेली नाही."

"आमच्याकडून नाही," बाबा म्हणाले. "आम्हाला पारवा आणि कबूतर वेगळं कळतं."

"कळत असेल. पण मी आज दोघांच्या तोंडावर सांगून ठेवतो." त्यांनी डेरिककडे आणि एनिडकडे पाहिलं. "माझं एक जरी कबूतर ड्रिंगांच्या बंदुकीनं पडलं, तर मी या लग्नाच्या चॅपेलमध्ये पाऊल टाकणार नाही. बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं."

डेरिकचा चेहरा पिठासारखा झाला. बापाचा हात पाठीवर नसताना लग्न करणाऱ्यांतला तो मुलगा नव्हता. एनिडला ते माहीत होतं, आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. ते गेल्यावर एनिड बाबांना एवढंच म्हणाली, "बाबा, लग्नापर्यंत जपा हो."

"मी जपतो," बाबा म्हणाले. "मामाला कोण जपणार?"

लग्न जुलैतल्या शनिवारी ठरलं. गुरुवारी संध्याकाळी मी ससे आणले आणि आईनं ते शिजत घातले. आमच्याकडे खोलगट भांड्यात मटण घालून वर कणकेचं झाकण लावून भट्टीत भाजतात, तशी मोठी मोठी भांडी होणार होती. पारव्याचं एकही नाही. ती सूचना आईची.

"व्याही समोर बसून खाणार," ती म्हणाली. "त्यांच्या घासात छर्रा लागला तर चालेल, पारवा लागलेला चालायचा नाही."

म्हणजे शुक्रवारी आम्हाला शेतावर जायचं काही कारण नव्हतं. पण चराकाठच्या मोठ्या शेतातला वाटाणा नेमका त्या आठवड्यात भरला होता. डबे भरणाऱ्या कारखान्याचा माणूस येऊन शेंगा दाबून गेला होता. सोमवारी कापायचा म्हणाला. बुधवारच्या वादळानं वाटाणा जमिनीवर लोळला होता, आणि लोळलेला वाटाणा म्हणजे पारव्यांना वाढून ठेवलेलं ताट. पॉकलिंग्टन मालक सकाळीच सायकलवरून आमच्या दारात आले.

"इनॉक, उद्या तुझ्याकडे लग्न आहे ते मला कळतं. पण आज माझ्याकडे दरोडा पडलाय."

"येतो, मालक."

"बरं होईल," आई आतून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "घेऊन जा यांना. घरात पुरुष असला की केकवरची साखर वाळत नाही."

बाबा, मामा आणि मी निघालो तोच डेरिक सायकल हाणत आला. त्याच्या आईनं पाठवलेले कप टोपलीत खडखडत होते.

"दादा!" तो बाबांना दादा म्हणायचा. "आमची कबूतरं सोडली. उत्तरेला समुद्रावर धुकं होतं म्हणून दोन दिवस अडकून पडली होती. आज पहाटे सोडली, तार आली. मोठी शर्यत. आमचे बाबा सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसलेत, न्याहारीलाही उठले नाहीत. प्रुडन्स पण आहे त्यात."

"प्रुडन्स कोण?"

डेरिक लाजला. "निळी चट्टेरी मादी. बाबांची लाडकी. तिचं नाव त्यांनी माझ्या आजीवरून ठेवलंय. आईच्या आईवरून."

"का बरं?"

"आजी कुठल्याही घरावरून जाताना आत डोकावल्याशिवाय पुढं जायची नाही. बसायची, गप्पा मारायची. ही पण तशीच. उडते वाऱ्यासारखी, पण वाटेत चार कबूतरं दिसली की उतरलीच."

बाबांनी टोपी मागं सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. डेरिक कप ठेवून गेला.

शेतावर पोचल्यावर बाबांनी मामाला समोर उभं केलं आणि कानाशी ओरडून सांगितलं, "मेव्हणे! आज व्याह्यांची कबूतरं येणार आहेत! पंखावर पांढरा पट्टा दिसल्याशिवाय घोडा दाबायचा नाही!"

"मी आंधळा आहे का?"

"नाही, नाही."

"मग ओरडता कशाला?"

बाबांनी त्याला अगदी टोकाला, चराच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. "तुम्ही मारू नका, नुसते हवेत बार काढून उठवत राहा. म्हणजे ते आमच्याकडे येतील." कल्पना चांगली होती. मामा गेला. आम्ही लाकडी पारवे मांडले, लपणात शिरलो.

दुपार फार छान गेली. मला त्या दिवसाचं अजून बरं वाटतं. उन्हात वाटाण्याच्या वेलांचा गोडसर वास, मोज्यात गुंडाळलेल्या बाटलीतला गरम चहा. बाबा मजेत होते. प्रत्येक पारवा येताना ते आधी बोलायचे, "पट्टा... पट्टा... आहे पट्टा," आणि मग बार. लांबून मामाचा हवेतला बार यायचा तेव्हा म्हणायचे, "देवाला लागला नाही म्हणजे मिळवली." मालक बांधावर येऊन हात हलवून गेले. आमच्या मागं पारव्यांचा ढीग वाढत होता. तो लग्नाला चालणार नव्हता, पण सोमवारपासून आळीतल्या सगळ्या चुलींवर चढणार होता.

चहाची वेळ उलटून गेली, उन्हं जरा कलली, तेव्हा उत्तरेच्या बंधाऱ्यावरून एकटंच काहीतरी आलं. पारवा जड उडतो, हे हलकं होतं. टोकदार पंख, जमिनीलगत. सरळ आमच्या लाकडी पंगतीवर आलं, एक फेरी मारली आणि मधल्या अंगणात उतरलं.

"थर्झा," बाबा अगदी हळू म्हणाले. "बंदूक खाली ठेव."

मी आधीच ठेवली होती. तिच्या पंखावर पट्टा नव्हता. निळ्यावर काळे चट्टे होते, आणि एका पायात शर्यतीची रबराची कडी.

प्रुडन्स दमली होती. पंख जरा लोंबत होते. तिनं इकडं तिकडं पाहिलं, मग एका लाकडी पारव्याजवळ गेली, त्याला मान वाकवून काहीतरी म्हटलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्याजवळ गेली. त्यानंही तोंड उघडलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती त्याच्या शेजारी पोट टेकून बसली आणि डोळे मिटले.

"बसली," बाबा म्हणाले. "आजी बसली."

"बसू दे घटकाभर. दम खाईल आणि जाईल."

"आणि तिकडे तो माणूस खुर्चीवर बसलाय."

आणि नेमका तेव्हाच रान फुटलं. संध्याकाळचं खाऊन झाडावर जायच्या आधी पारवे एकदा शेवटचा हात मारून घेतात. पॉप्लरच्या झाडांच्या रांगेमागून थव्यामागून थवा उठला आणि आमच्याकडे आला. दिवसभरात आलं नसेल एवढं पाखरू एका वेळी आलं. ते आमच्या अंगणात उतरलं, अंगण भरलं तसं बाजूला उतरलं, आणि तो सगळा वाटाणा बघता बघता राखाडी झाला. मधोमध प्रुडन्स झोपलेली. आम्ही दोघं भरलेल्या बंदुका मांडीवर घेऊन बघत बसलो.

बांधावर मालक आले. त्यांनी आधी हात हलवला, मग टोपी हलवली, मग टोपी जमिनीवर आपटली.

"मालक ओरडतायत, बाबा."

"ओरडू दे. वाटाणा पुढच्या वर्षी पुन्हा येईल. एनिडला असला शहाणा जावई... म्हणजे आपल्याला जावई... गप बस."

शेवटी बाबा लपणातून उठले आणि उघड्यावर गेले. सगळे पारवे टाळ्या वाजवल्यासारखे पंख आपटत उठले. प्रुडन्स उठली नाही. ती माणसांत वाढलेली. बाबा जवळ गेले तसं तिनं एक डोळा उघडला आणि त्यांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनी टाळी वाजवली. ती चार पावलं चालली आणि दुसऱ्या लाकडी पारव्यापाशी बसली.

"ऊठ बाई. ऊठ. घरी वाट बघतायत."

त्यांनी ढेकूळ टाकलं. ती ते खाण्यासारखं आहे का ते बघायला गेली.

"पकडा आणि हवेत फेका," मी लपणातून म्हटलं.

"हात लावू? कोणी बघितलं तर? लग्नाच्या आदल्या दिवशी टनर्डचं कबूतर ड्रिंगच्या हातात! आणि वाटेत माणसाचा हात लागला तर त्यांच्या शर्यतीत ते बाद धरत असतील तर? मला काय माहीत त्यांचे नियम!"

ते परत आले, घाम पुसत बसले. तेव्हा मला आठवलं की बऱ्याच वेळात मामाचा बार ऐकू आला नाही.

मी चराच्या दिशेनं पाहिलं. मामा जागेवर नव्हता. बाबांना मधे उभं राहून हातवारे करताना त्यानं लांबून पाहिलं असणार आणि त्याला वाटलं असणार की आपल्याला बोलावतायत. तो चराच्या काठाकाठानं वाकून येत होता, आणि आता आमच्या पंगतीच्या पलीकडच्या कडेला पोचला होता. गुडघा टेकलेला. बंदूक खांद्याला.

"मामा!" मी ओरडले. "मामा, नको!"

मामानं ऐकलं असतं तर तो मामा कसला. मी लपणातून बाहेर पडले, लोळलेल्या वाटाण्यात अडखळत धावले. पिकात पाय टाकायचा नाही हा आमच्याकडचा पहिला धडा, तो त्या दिवशी मी मालकांसमोर मोडला. मी चार ढांगा टाकल्या नसतील तोवर बार झाला.

एक लाकडी पारवा हवेत उडाला, गरकन फिरला आणि पडला. त्याच्या शेजारून निळं काहीतरी सरळ वर गेलं, झोपेतून उठवल्यावर माणूस जसा दचकून उठतो तसं. वर जाऊन एकदा डळमळलं. एक पंख जरा खाली झुकल्यासारखा मला वाटला. मग ते दक्षिणेकडे वळलं आणि पॉप्लरांवरून दिसेनासं झालं.

"मारला!" मामा आनंदानं उभा राहिला. "दाजी, जाडजूड होता! आणि तुम्ही दोघं नुसते बघत होता!"

बाबा पंगतीत गेले. जमिनीवर वाकून त्यांनी रक्त शोधलं, पिसं शोधली. मीही शोधली. लाकडाच्या ढलप्या होत्या, राखाडी रंग होता, आणि एका लाकडी पारव्याला मान नव्हती. निळं पीस एक सापडलं. एकच. ते बाराआधी गळलं की बारानं, ते देवाला ठाऊक.

बाबांनी पीस खिशात घातलं.

"पंख झुकलेला मीही पाहिला," ते म्हणाले. "एनिडला सांगू नकोस."

घरी आल्यावर आईला मात्र सांगावं लागलं, कारण बाबांनी जेवायला नकार दिला आणि आमच्या घरी ते आजारपणापेक्षा मोठं लक्षण होतं. आईनं ऐकून घेतलं, एकदा मामाकडे पाहिलं. मामा खुर्चीत बसून एनिडसाठी शेंगा सोलत होता आणि गाणं म्हणत होता.

"हा माझा भाऊ आहे," आई म्हणाली, "म्हणून मी काही बोलत नाही. पण तो तुमचा भाऊ असता तर खूप काही बोलले असते."

शनिवारी सकाळ उजळ होती. एनिड छान दिसत होती. मी तिचे केस बांधत होते तेव्हा ती आरशातून म्हणाली, "ताई, बाबा माझ्याकडे बघत का नाहीत?"

"रडू येईल म्हणून."

"बाबांना?"

"गप बस, पिन टोचेल."

आम्ही चॅपेलपाशी पोचलो तेव्हा डेरिक दारात उभा होता. त्याची आई होती, चुलते होते, रेल्वेतली माणसं होती. क्लेमंट टनर्ड नव्हते.

"कुठं आहेत?" आईनं विहीणबाईंना विचारलं.

"पहाटेच घराबाहेर पडले, ते आलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे रोजच बोलत नाहीत, पण काल जास्त."

डेरिक कॉलरमध्ये बोट घालून उभा. एनिडनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं असावं. हातातली फुलं तिनं दुसऱ्या हातात घेतली. पाद्री दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले. बाबा सुटाच्या खिशात हात घालून उभे होते, आणि मला माहीत होतं की त्या खिशात ते पीस आहे.

मग रस्त्याच्या टोकाला सायकल दिसली. माणूस उभा राहून पायडल मारत होता. कोटाची बटणं सुटलेली, टाय खांद्यावरून मागं गेलेला. टनर्ड सायकलवरून उतरले नाहीत, पडले. उठले आणि ओरडले, "दुसरी! दुसरी आली! रात्रीपासून माझ्या पोटात होतं, पण कबूतर पोचल्याची वेळ नोंदणारी घड्याळं उघडेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, अपशकुन होतो. क्लबात आत्ता उघडली. प्रुडन्स दुसरी! अख्ख्या जिल्ह्यात दुसरी! माझी बाई वाटेत कुठं थांबली नाही, न थांबता आली, मी सगळ्यांना सांगितलं, न थांबता!"

त्यांनी डेरिकला मिठी मारली, एनिडला मिठी मारली, पाद्र्यालाही मारली. आईनं डोळे मिटून श्वास सोडला. मला वाटलं, सुटलो. आता आत जायचं, गाणी म्हणायची, जेवायचं.

पण बाबा पुढं झाले.

"अहो," आई दातांखालून म्हणाली. "अहो, नको. आत चला."

"व्याही," बाबा म्हणाले, "आत जायच्या आधी एक सांगायचंय. तुमची प्रुडन्स काल उन्हं कलल्यावर आमच्या वाटाण्यात बसली होती."

बाबांनी पीस काढून पुढं धरलं. टनर्डनी ते घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"बसली होती?"

"लाकडी पारव्यांत. एक पाईप ओढून होईल एवढा वेळ. जास्तच. आम्ही मारलं नाही. उठवायला गेलो, उठेना. हात लावला नाही. शेवटी..." बाबा अडखळले. "शेवटी आमच्याकडून बार झाला. तिच्यावर झाला, खोटं कशाला बोलू. लाकडाला लागला आणि ती उठली. तुम्ही सांगितलं होतं ते मला आठवतंय. आता काय ते तुम्ही ठरवा."

टनर्डचं तोंड उघडं होतं. डेरिकचंही. मी एनिडचा हात धरला.

"बार कोणी काढला?" टनर्डनी विचारलं.

"मी," मामा म्हणाला. बार हा शब्द त्याला नेहमी ऐकू यायचा. "चांगला जाड होता."

"याला दिसत नाही का?"

"दिसतं," मामा रागावला.

"आणि तुम्ही म्हणता, उन्हं कलल्यावर?" टनर्ड बाबांकडे वळले. ते मनात काहीतरी हिशेब करत होते, ओठ हलत होते. "म्हणजे तुमच्या शेतातून माझ्या अंगणात ती... अरे देवा. ती तर बंदुकीतून सुटल्यासारखी आली असली पाहिजे! मी म्हणतोय ना, मी तिला इतक्या जोरात उतरताना कधी पाहिली नाही! फळीवर आदळली!" त्यांनी मामाच्या दोन्ही खांद्यांना धरलं. "अहो, चार वर्षं ही बाई कोणाच्या ना कोणाच्या छपरावर बसून मला शर्यती हरवतेय! कधी गोदामावर, कधी चर्चच्या कळसावर! आणि चार वर्षांत कोणीही, एकाही भल्या माणसानं तिला उठवली नाही!"

"काय म्हणतायत?" मामानं आईला विचारलं.

"तुझं कौतुक करतायत."

"करू देत," मामा म्हणाला.

टनर्ड आता बाबांसमोर उभे होते. हसू जरा ओसरलं होतं. "आणि ती बसली असताना पारवे आले असतील की. त्या वेळेला येतात."

"आले."

"किती?"

"सगळेच."

"आणि तुम्ही मारले नाहीत. भरलेल्या वाटाण्यात."

बाबांनी खांदे उडवले. "मालकांनी टोपी आपटली. नवी होती बिचारी."

टनर्डनी पीस आपल्या कोटाच्या काजात खोचलं, जिथं लग्नाचं फूल लावतात तिथं. मग त्यांनी बाबांच्या दंडात हात घातला आणि म्हणाले, "चला व्याही, मुलांना ताटकळत ठेवलंय आपण," आणि दोघं मिळून आत गेले. नवरी अजून बाहेरच उभी होती. तिचा हात धरून तिला आत न्यायचं काम बाबांचं, हे आईला मागून ओरडून सांगावं लागलं. बाबा धावत परत आले. चॅपेलमध्ये हसू पिकलं ते पाद्र्यांनाही आवरेना. एनिड हसत हसत आत गेली आणि होकार देतानाही हसत होती.

जेवायला आमच्या अंगणात फळ्या मांडल्या होत्या. टनर्डनी कणकेचं झाकण सुरीनं उचकटलं आणि आत वास घेतला.

"ससा?"

"ससा," आई म्हणाली.

"शपथ?"

"माझ्या भावाची शपथ."

"तुमच्या भावाची शपथ मला चालेल," ते म्हणाले आणि तीनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी मालकही आले, जुनी टोपी घालून, बिअरचं पिंप घेऊन. त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. त्यांनी बाबांना टोपीचं नाव काढलं नाही, फक्त मला म्हणाले, "थर्झा, तू माझ्या वाटाण्यात पळालीस." मी म्हटलं, "हो, मालक." ते म्हणाले, "छान पळतेस." मग त्यांनी मला नाचायला नेलं आणि माझ्या पायावर पाय दिला.

पुढं बाबा आणि टनर्ड यांचं इतकं जमलं की दोघांच्या बायकांना त्याचा कंटाळा आला. रविवारी चॅपेलनंतर टनर्ड आमच्या छपरात येऊन बसायचे आणि बाबांना लाकडी पारवे रंगवायला मदत करायचे. मानेचा पांढरा डाग ते फार बारीक काढायचे. त्यांच्या हातचे पारवे बाबांच्यापेक्षा खरे दिसायचे, हे बाबा कधी कबूल करायचे नाहीत. मोठ्या शर्यतीच्या दिवशी मात्र टनर्ड मामासाठी एक खुर्ची बंधाऱ्यावर नेऊन ठेवायचे, बिनछर्ऱ्याची काडतुसं द्यायचे आणि सांगायचे, काहीही बसलेलं दिसलं की बार काढा. मामा दिवसभर खुर्चीत बसून बार काढायचा. प्रुडन्स आणखी दोनदा आमच्याकडे उतरली आणि दोन्ही वेळा उठली.

ओबेड मामा एकोणीसशे छप्पन्नच्या मार्चमध्ये वारला. बाबा एकोणीसशे बासष्टच्या ऑक्टोबरात गेले. क्लेमंट टनर्ड त्यानंतर अकरा वर्षांनी, जूनमध्ये, वारले.